स्टॅनी मास्तरांची अट

“रविवारी संध्याकाळी सहा वाजता शाळेच्या मैदानावर जॅझ संगीताचा कार्यक्रम. प्रवेश मोफत.” एवढं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून देवेंद्र चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेला. परत येऊन पाहतो तर अकरा जणांची उत्तरं आली होती. त्यातल्या नऊ जणांनी एकच प्रश्न विचारला होता, की विकायचं काय आहे?

“मोफत म्हटलंस, तिथेच चुकलं,” त्याची बायको कृतिका म्हणाली. “मागे मोफत आरोग्य तपासणी म्हणून गेलो होतो आठवतंय? तीन तास गाद्या विकत होते.”

“अगं, पण हे खरंच मोफत आहे.”

“गादीवालाही हेच म्हणत होता.”

देवेंद्र मूळचा कराडचा. नोकरी फोर्टातल्या एका बँकेत आणि बिऱ्हाड गेली बारा वर्षं वसईतल्या सांडोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. माणूस सरळमार्गी, व्यसन एकच, जुन्या तबकड्या जमवण्याचं. दोन महिन्यांपूर्वी त्याला चोरबाजारात जॅझची एक तबकडी सापडली. पाकिटाच्या मागे पाच वादकांचा फोटो होता आणि कोपऱ्यात ट्रम्पेट धरून उभ्या असलेल्या एका काटकुळ्या, मोठ्या कानांच्या पोराखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : एस. तुस्कानो, वसई. त्या ट्रम्पेटमध्ये असं काही होतं की देवेंद्रने ती बाजू एका दिवसात चौदा वेळा ऐकली. पंधराव्या वेळी कृतिकाने तबकडी उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःकडे घेतली.

आता वसईत तुस्कानो शोधणं म्हणजे कराडात पाटील शोधण्यासारखंच. पण नशीब असं, की पुढच्याच आठवड्यात बेकरीत पावासाठी उभं असताना देवेंद्रचं लक्ष पुढच्या म्हाताऱ्याच्या कानांकडे गेलं. साठ वर्षांत चेहरा पार बदलला होता, कान तेच होते. देवेंद्र पाव न घेताच त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरापर्यंत गेला.

हे स्टॅनी मास्तर. वय चौऱ्याऐंशी. एके काळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत त्यांचा ट्रम्पेट ऐकायला माणसं टॅक्सी करून यायची. अमेरिकेहून आलेल्या कुठल्याशा बँडने त्यांना ‘चल आमच्याबरोबर’ म्हणून फार गळ घातली होती, पण भाताची कापणी तोंडावर आली होती म्हणून ते गेले नाहीत. पुढे हॉटेलांतले बँड बंद पडले आणि मास्तर अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत चाळीस वर्षं लग्नांत वाजवत राहिले. त्यामुळे ज्याला मुंबईचे जुने जाणकार दंतकथा समजत होते, त्याला सांडोरमध्ये सगळे ‘बँडवाला स्टॅनी’ म्हणून ओळखत.

“तुमच्या सन्मानासाठी एक कार्यक्रम करायचाय, मास्तर,” देवेंद्र म्हणाला. “मुंबईचे जॅझवाले येतील, गाव येईल. तुम्ही थोडं वाजवाल ना? दात वगैरे...”

“पुढचे चार जागेवर हायत. बाकीचे ट्रम्पेटला लागत नाय.” मास्तरांनी पायाशी आलेली कोंबडी हुसकावली. मग म्हणाले, “वाजवीन. पण एक अट हाय. मी वाजवताना कोणी जेवायचं नाय.”

“जेवायचं?”

“अरे, साठ वर्षं मी लोकांच्या जेवणात वाजवलं. हॉटेलात वाजवलं तेव्हा साहेब लोक कटलेट खायचे. लग्नात वाजवलं तेव्हा हे गाववाले वडे खायचे. टाळी वाजवायला कोणाचा हात रिकामा नसायचा. एकदा निर्मळला एका लग्नात असा वाजवलाय, असा वाजवलाय, की माझ्याच अंगावर काटा आला. वाजवून झाल्यावर एक सुटातला माणूस गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. मला वाटलं, हा समजला. तर मला विचारतो, आइस्क्रीम कुठे मिळतं?”

त्यांची सून प्रिस्का दारात उभी राहून हसत होती. मास्तर हसत नव्हते.

“एकदा तरी,” ते म्हणाले, “लोक बसलेत, हात रिकामे हायत, आणि मी वाजवतोय, असं मला बघायचंय. एक प्लेट जरी दिसली ना देवेंद्र, मी ट्रम्पेट पेटीत ठेवीन आणि घरी येईन.”

देवेंद्रला गलबलून आलं. “मास्तर, चहासुद्धा ठेवणार नाही. शब्द देतो.”

मुंबईच्या जॅझवाल्यांचं काम सोपं झालं. त्यांचा म्होरक्या फेबियन सॅक्सोफोन वाजवायचा. स्टॅनी तुस्कानोचं नाव त्याने फोनवर दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, “सर, आर यू शुअर? ते जिवंत आहेत? आम्ही येतो. आम्हाला फक्त स्टेजला लाइट द्या.” शाळेने मैदान दिलं, मांडववाल्याने खुर्च्या दिल्या. सगळं जमलं होतं, फक्त ऐकायला माणूस नव्हता. मंगळवारपर्यंत एकूण सात जण येतो म्हणाले होते आणि त्यातल्या तिघांनी ‘आम्ही काहीही विकत घेणार नाही’ असं आधीच कळवलं होतं.

बुधवारी सकाळी देवेंद्र बिल्डिंगच्या कुंपणापाशी तोंड पाडून उभा होता. कुंपणापलीकडे अनसूयाकाकूंची वाडी. बिल्डिंग उभी आहे ती जागाही पूर्वी त्यांचीच, केळीच्या बागेची. त्यामुळे बिल्डिंगमधली एकोणतीस बिऱ्हाडं आपल्याकडे पाहुणी आलेली आहेत अशी काकूंची पक्की समजूत होती आणि त्या अळूची पानं, पेरू, सल्ले असं सगळं कुंपणावरून सारख्या उदारपणे देत.

“काय रे, बँकेत पैसे कमी पडले काय?” काकूंनी विचारलं.

देवेंद्रने सगळी रडकथा सांगितली. फक्त अट तेवढी सांगितली नाही. ती सांगायची गरज आहे असं त्याला वाटलंच नाही.

“मोबाइलवर बोलावलंस?” काकू थक्क झाल्या. “मोबाइलवर कोण येतं? उद्या मोबाइलवर बारसं करशील. अरे, माणसाच्या दारात जाऊन, नाव घेऊन, तोंडानं सांगावं लागतं. या म्हणावं लागतं.”

“पण काकू, मला गावात कोण ओळखतं?”

“मला ओळखतात ना? मी बोलावते. स्टॅनीचा मान हाय म्हणतोस, म्हणजे गावाचंच कार्य. यजमान तू, बोलावणं माझं. आपल्या पद्धतीनं करू ना सगळं?”

“एकदम आपल्या पद्धतीनं,” देवेंद्र म्हणाला आणि त्याने वाकून नमस्कारसुद्धा केला. कोणत्या पद्धतीला आपण होकार देतोय हे त्याने विचारलं नाही. बँकेत तो कर्जाच्या अर्जातली शेवटची बारीक ओळही वाचून काढत असे, पण काकूंना बारीक ओळ नव्हती.

पुढचे तीन दिवस अनसूयाकाकू मुलाच्या, विद्याधरच्या, स्कूटरवर मागे बसून गाव पालथा घालत होत्या. विद्याधर गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवर बसून राहायचा, काकू आत जायच्या. वाडवळ घरं झाली, ख्रिस्ती घरं झाली, मिठागरावरची जुनी माणसं झाली. शनिवारी त्यांनी कुंपणावरून फक्त एवढंच सांगितलं, “खुर्च्या वाढव.”

रविवारी साडेचारलाच लोक यायला लागले. पाचला निम्मं मैदान भरलं. घरंच्या घरं येत होती. आजोबा येत होते, तान्ही बाळं येत होती, एका घराने तर पुण्याहून आलेले पाहुणेही आणले होते. देवेंद्रच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

“बघ,” तो कृतिकाला म्हणाला, “संगीताची ओढ कशी असते बघ. आणि तू म्हणत होतीस गादी.”

कृतिका गर्दीकडे बारकाईने बघत होती. “देवेंद्र, पण हे हात धुवायला नळ कुठेय असं का विचारतायत?”

तेवढ्यात बळीराम समोर आला. आयुष्यभर मिठागरात राबलेला, काकूंच्या शेतावर लावणीला येणारा हा धिप्पाड म्हातारा आज पांढरंशुभ्र धोतर नेसून, बायको, दोन मुलगे, सुना आणि पाच नातवंडं घेऊन आला होता.

“साहेब, पयली पंगत कोनाची?” त्याने विचारलं.

“कसली पंगत?”

“जेवनाची. बायाबापड्यांची आदी बसवा, आमी थांबू. पन पोरांना लवकर वाढा, सकालपासून काय खाल्लं नाय त्यांनी.”

देवेंद्र हसला, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही. मग त्याने मैदानावर नजर फिरवली. तीनशेच्या वर माणसं होती आणि आता नीट बघितल्यावर त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एक विशिष्ट भाव दिसत होता. त्यात संगीताची ओढ नव्हती. तो धावत काकूंकडे गेला. काकू पहिल्या रांगेत नवी नऊवारी नेसून बसल्या होत्या.

“काकू, तुम्ही लोकांना काय सांगून बोलावलंत?”

“काय सांगणार? स्टॅनीचा मान हाय, रविवारी सगळ्यांनी यायचं, चूलबंद.”

“चूलबंद म्हणजे?”

काकूंनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. “चूलबंद म्हणजे घरात चूल पेटवायची नाय. घरातलं लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. माझ्या सासूपासून मी कोणाच्या दारात उभी राहून कोरडं बोलावणं केलं नाय. नुसतं ‘या आणि बघून जा’ म्हणायला मी काय सर्कसवाली हाय?” मग त्यांचा आवाज जरा बारीक झाला. “का रे? आचारी कुठला सांगितलास?”

देवेंद्रने काकूंना मास्तरांची अट सांगितली. काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. असं त्यांच्या बाबतीत सत्तर वर्षांत झालं नव्हतं.

“आता सांगतोस होय, मेल्या!”

“तुम्ही स्वयंपाकाचं विचारलं नाहीत!”

“बोलावणारीनं स्वयंपाकाचं विचारायचं असतं? यजमान तू!”

“लोकांना सांगून टाकू का, की जेवण नाही?”

“खबरदार,” काकू म्हणाल्या. “माझ्या शब्दावर चुली बंद हायत. तीनशे माणसं उपाशी परत गेली तर मला उद्यापासून तोंड लपवून फिरावं लागेल. आणि जेवण मांडलं तर स्टॅनी उठून जाईल. तो पहिल्यापासून तसाच हाय.” त्यांनी पदर खोचला. “कार्यक्रम किती वेळ?”

“तासभर.”

“दोन तास कर.”

मग अनसूयाकाकूंनी जे केलं ते पाहून बँकेतल्या कुठल्याही मॅनेजरने राजीनामा दिला असता. सोमवारी पहाटे दादरच्या बाजाराला जायची भाजी विद्याधरने टेम्पोत भरून ठेवली होती. ती टेम्पोसकट वाडीत परत गेली. पापडीच्या शेंगा, वांगी, रताळी, कोनफळ, शेवग्याच्या शेंगा, सगळं उतरलं. समाजाच्या हॉलवरून मोठे टोप आले. पंधरा बायका मैदानातून एकेक करून, जणू घरी काहीतरी विसरलंय अशा थाटात, निसटल्या. मैदानाच्या मागच्या भिंतीपलीकडेच वाडी होती. तिथे तीन चुली पेटल्या आणि उकडहंडीचे टोप चढले. उकडहंडी म्हणजे वाफेवर शिजणारी, घाई न चालणारी भाजी. एकदा झाकण लावलं की मध्ये उघडायचं नाही, कितीही मोठा माणूस विचारायला आला तरी. विद्याधर कोयता घेऊन केळीची पानं कापायला गेला.

मैदानावर देवेंद्र रांगेरांगेतून वाकून कानात सांगत फिरत होता. “जेवण आहे. कार्यक्रम संपल्यावर आहे. पण मास्तर वाजवत असताना जेवणाचं नाव काढू नका. त्यांना चालत नाही.” माईकवरून सांगायची सोय नव्हती, कारण मास्तर येऊन स्टेजच्या बाजूला बसले होते. जुना काळा सूट, टाय, आणि मांडीवर ट्रम्पेटची पेटी. ते गर्दीकडे बघत होते. तीनशे माणसं बसली होती आणि एकाच्याही हातात प्लेट नव्हती.

“माझ्यासाठी आले एवढे?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासाठीच, मास्तर,” देवेंद्र म्हणाला. खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत. त्या आता जास्वंदीसारख्या झाल्या होत्या.

सहाला कार्यक्रम सुरू झाला. फेबियन, एक कीबोर्डवाला आणि एक ड्रमवाला असे तिघे आणि मधोमध खुर्चीवर मास्तर. जॅझची एक रीत असते. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेक जण आळीपाळीने आपल्या मनाचं वाजवतो आणि शेवटी पुन्हा सगळे चालीवर येतात. सांडोरला ही रीत कुणालाच माहीत नव्हती. त्यामुळे फेबियनचं एकट्याचं वाजवून झालं आणि त्याने सॅक्सोफोन खाली घेतला, तेव्हा गाणं संपलं असं समजून तीनशे लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. बळीराम तर धोतर सावरून अर्धा उठलासुद्धा. मग कीबोर्डवाला सुरू झाला आणि बळीराम पुन्हा बसला. कीबोर्ड थांबला, पुन्हा टाळ्या, पुन्हा बळीराम अर्धा उभा. ड्रम संपला, पुन्हा तेच.

फेबियन वाकून देवेंद्रच्या कानात म्हणाला, “सर, हे कुठलं पब्लिक आहे? प्रत्येक सोलोनंतर बरोबर टाळी! आमच्या बांद्र्यात पण एवढं कोणाला कळत नाही. तो पहिल्या रांगेतला अंकल तर प्रत्येक वेळी उभा राहतोय!”

“हो, ते फार रसिक आहेत,” देवेंद्र म्हणाला. पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

मग मास्तरांनी ट्रम्पेट ओठांना लावला. पहिला सूर जरा थरथरला. दुसरा कमी थरथरला. तिसऱ्याला मागच्या रांगेतलं एक बाळ रडायचं थांबलं. देवेंद्रला त्या तबकडीतला पोरगा आठवला. पण त्या आठवणीत रमायला त्याला उसंत मिळाली नाही, कारण भिंतीपलीकडून विद्याधरचं डोकं वर आलं होतं आणि ते नाही नाही म्हणून हलत होतं. साडेसहा वाजले होते. वाफ नुकती कुठे धरली होती.

पावणेसातला दुसरं संकट आलं. वारा फिरला. ओवा, खोबरं आणि रताळ्यांचा वास भिंतीवरून मैदानात उतरला. तीनशे नाकं एकदम वर झाली. मास्तरांचंही नाक वर झालं. देवेंद्र धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून उदबत्तीचे चार पुडे घेऊन आला आणि स्टेजच्या कडेने एकदमच पेटवून दिले.

“अरे, काय करतोयस!” कृतिका ओरडली. “फुंकायचंय त्यांना!”

तोवर फेबियनला ठसका लागला होता. कृतिकाने उदबत्त्या बादलीत बुडवल्या. मास्तर मात्र शांत होते. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा देवेंद्रच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढची चाल सुरू केली.

ही चाल सहा मिनिटांची ठरली होती. फेबियनच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं. पण मास्तर शेवटाशी आले की बोटाने खूण करून सगळ्यांना पुन्हा सुरुवातीला न्यायचे. एकदा नेलं, दोनदा नेलं, पाच वेळा नेलं. देवेंद्र भिंतीकडे बघायचा, विद्याधरचं डोकं नाही म्हणायचं आणि मास्तर आणखी एक फेरा मारायचे. चाल एकोणीस मिनिटं चालली. ड्रमवाल्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला, पण तो खुळ्यासारखा हसत होता.

साडेसातच्या सुमारास मास्तरांनी बाकीच्यांना हाताने थांबवलं आणि एकट्यानेच वाजवायला घेतलं. वसईच्या लग्नात आदल्या संध्याकाळी बायका बँडबरोबर विहिरीवर पाणी आणायला जातात, तेव्हाची जुनी चाल होती ती. गावातल्या प्रत्येकाने ऐकलेली. पण ती नाचायला लावणारी चाल मास्तरांनी इतकी हळू घेतली, की ती विहिरीवर न जाता भलतीकडेच निघाली. ओळखीची वाट सोडून आडरानात शिरली. कधी वाटायचं हा सूर त्याच चालीतला आहे, कधी वाटायचं छे, हे दुसरंच काहीतरी आहे. लोक पुढे वाकले. प्रिस्काने पदराने डोळे टिपले. मैदानावर अशी शांतता पसरली, की मागच्या टोपांवरची झाकणं थडथडताना ऐकू येत होती.

आणि नेमका तेव्हाच विद्याधर भिंत ओलांडून, हात पुसत, पहिल्या रांगेशी आला. “झालं,” तो देवेंद्रला म्हणाला. “भात पण उतरला. पानं मांडू?”

देवेंद्र काही बोलायच्या आत बळीरामने विद्याधरचा हात धरून त्याला खाली खेचलं.

“गप रं,” तो कुजबुजला. “जेवान कुटं पलून जात नाय. म्हातारा गेलाय कुटंतरी. परत येऊ दे त्याला.”

मास्तर परत आले. दहा मिनिटांनी, वळणं घेत घेत, त्या विहिरीच्या चालीवर अलगद येऊन टेकले आणि त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला. मग बळीराम उठला, या वेळी पूर्ण उठला, आणि त्याच्या मागे सगळं मैदान उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. फेबियन रडत होता. मागून कुणीतरी “वन्स मोर!” ओरडलं आणि मग सगळेच ओरडायला लागले. नातवंडांसकट उपाशी माणसं ‘आणखी एकदा’ म्हणत होती.

मास्तरांनी हात वर केला. देवेंद्रला जवळ बोलावलं आणि माईक बाजूला सारून विचारलं, “झालं ना तयार? आता मांड.”

“काय तयार, मास्तर?” देवेंद्रने शेवटचा प्रयत्न केला.

“उकडहंडी. अजून पाच मिनिटं ठेवली तर खाली लागेल.”

“तुम्हाला... कधी कळलं?”

“शुक्रवारीच. अनसूया माझ्या दारात पण येऊन गेली ना. चूलबंद. प्रिस्कानं सकाळपासून गॅस पेटवलेला नाय, मी एका कपभर चहावर वाजवतोय.”

देवेंद्रला मान वर करवेना. “मग तुम्ही आलात कसे? तुमची अट...”

“अट काय होती? मी वाजवताना कोणी जेवायचं नाय. कोण जेवलं?” मास्तर रुमालाने ट्रम्पेटचं तोंड पुसत होते. “मी आलो, तुझं तोंड बघितलं आणि समजलो, स्वयंपाक मागे पडलाय. चाळीस वर्षं लग्नात वाजवलंय मी. यजमानाचं असं तोंड झालं की बँडनं काय करायचं असतं? लोकांना धरून ठेवायचं असतं, भात शिजेपर्यंत. तू भिंतीकडे बघायचास, मी आणखी एक फेरा मारायचो. दुसरं काय?”

“म्हणजे लोक भुकेपोटीच बसले होते, हेही तुम्हाला...”

“पहिला तास भुकेपोटी,” मास्तर म्हणाले. “पण त्या बळीरामनं विद्याधरला खाली ओढला ना, तेव्हा माझे डोळे मिटलेले नव्हते.” चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या चेहऱ्यावर तबकडीच्या पाकिटावरचा पोरगा क्षणभर स्पष्ट दिसला. मग ते खुर्चीवरून उठले. “चल. पहिल्या पंगतीत बसणार मी. बँडवाला नेहमी शेवटच्या पंगतीला बसतो, तोवर नुसता रस्सा उरतो. आज माझा मान हाय म्हणतोस ना?”

खुर्च्या बाजूला सरल्या, पानं मांडली गेली. अनसूयाकाकूंनी स्वतः पहिलं वाढप मास्तरांच्या पानावर वाढलं. बसायच्या आधी मास्तरांनी ट्रम्पेट देवेंद्रच्या हातात दिला. “धर नीट. खाली ठेवू नको, धूळ लागते.”

देवेंद्र दोन्ही हातांनी ट्रम्पेट छातीशी धरून उभा राहिला. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. तिसऱ्या पंगतीला बळीराम नातवंडांसह बसला आणि त्याने दोनदा भात घेतला. फेबियन जेवला, ड्रमवाला जेवला, पुण्याचे पाहुणे जेवले, कृतिका जेवली. वाढणाऱ्या बायका टोप घेऊन देवेंद्रच्या समोरून पाच-सहा वेळा गेल्या. त्याच्याकडे बघून प्रत्येक बाई छान हसली, पण बस म्हणून कुणी म्हणालं नाही. हातात ट्रम्पेट असलेल्या माणसाला वसईत कोणी आधी जेवायला बसवत नाही.